आंदणाचा डबा

मास्तरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते धसईच्या पिठाच्या गिरणीसमोर. बाजाराचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही, आणि हा गृहस्थ दळणाची पिशवी पायाशी ठेवून, मान तिरकी करून, डोळे मिटून उभा. मला वाटलं चक्कर आली. मी पाण्याची बाटली काढली, तर डोळे न उघडताच म्हणाले, "थांबा. काल गिरणी काळी दोनमध्ये होती. आज उतरलीय. पट्टा सैल झालाय."

आतून गिरणीवाला ओरडला, "मास्तर, दळण घ्या नि जावा ना घरी! रोजची काय तपासणी?"

"बरं वाटतंय ना तुम्हाला?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. मला वरपासून खालपर्यंत ऐकल्यासारखं बघितलं आणि म्हणाले, "तुमी काळी चार. पण ओढूनताणून."

ना ओळख, ना देख, आणि माझ्या आवाजाची पेटीवरची पट्टी सांगून वर ओढूनताणून म्हणतो! दुसरी कुणी असती तर तिथंच त्यांच्या डोक्यावर पीठ ओतून घरी गेली असती. मी काय केलं? लाजले. मी तेव्हा तरुण होते हो. म्हणजे साठीला दोन-तीन वर्षं कमी होती. केसांना मेंदी, डोळ्यांवर गॉगल, आणि डोक्यात एवढी हवा की म्हसा गावच्या जत्रेतला पाळणा तिच्यावर फिरला असता. अंगणवाडीतली नोकरी नुकतीच सोडली होती आणि लग्नसराईत धवलारीण म्हणून माझा दरारा होता. आमच्याकडे भटजी येतो मंगलाष्टकांपुरता. बाकी मांडव, हळद, तेल, सगळ्या विधींची गाणी, म्हणजे धवले, धवलारणीने म्हणायचे. ती थांबली की लग्न थांबलं. तिने सांगितल्याशिवाय नवरी पाटावरून उठत नाही. एवढी सत्ता हातात आल्यावर बाई बिघडणारच. मी तर आधीपासूनच थोडी बिघडलेली होते.

मास्तरांनी जन्मात कुणाला काही शिकवलं नव्हतं. मुरबाडच्या बाजूला त्यांची बेंजो पार्टी होती, म्हणून मास्तर. हळदीला नि वरातीला वाजवणारं पथक. बेंजोवर त्यांचा मेहुणा, ढोलकीवर एक, ऑक्टोपॅडवर एक आणि कीबोर्डवर त्यांची लेक. ही लेक वाजवायला बसली की म्हातारे जेवायचे थांबत. मास्तर स्वतः काही वाजवत नसत. ते पुढे उभे राहून डोळे मिटायचे आणि कोण चुकतंय तिकडे बोट करायचे. बोट कधी चुकलं नाही, पण डोळे मिटलेले असल्याने दोनदा नवरदेवाच्या नाकात गेलं.

गावातल्या प्रत्येकाची पट्टी त्यांना पाठ. पोस्टमन पांढरी पाच. सरपंच निवडणुकीआधी काळी एक, निवडून आल्यावर पांढरी चार. एका जोडप्याचं भांडण मिटवायला त्यांना बोलावलं, तर दोघांचं पाच मिनिटं ऐकून निकाल दिला, "भांडण बरोबर चाललंय, पण दोघांच्या पट्ट्या वेगळ्या आहेत. तिनं थोडं खाली भांडावं." नवराबायको मिळून त्यांच्या अंगावर धावले. मास्तर म्हणाले, "आता एका सुरात आलात," आणि चहा न घेता निघाले.

तर या माणसाच्या लेकीचं लग्न ठरलं. मुलगा कल्याणकडचा, मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला, गरीब गाईसारखा. आणि मास्तरांनी जाहीर केलं की आंदणात कपाट नाही, फ्रीज नाही, मिक्सर नाही. लेक सासरी जाताना सिंथेसायझर घेऊन जाणार.

हा शब्द आमच्याकडे कुणाच्या तोंडात मावेना, म्हणून त्याचं नाव पडलं डबा. दिसायला छोटासा, पट्ट्या कमी आणि खुंट्या फार. मला तर तो एखाद्या विमानाची पेटी कुणीतरी चोरून आणल्यासारखा वाटला. तो निम्मा जुन्या चालीचा आणि निम्मा नव्या, म्हणून परवडणारा, असं लेकीनं सांगितलं. मला काही कळेना, तेव्हा तिनं सोपं केलं. "काकी, यात सूर बनतो कॉम्प्युटरनं. म्हणजे चहा पाकिटातला. पण तो ज्या गाळणीतून येतो ना, ती खरी, जुन्या पद्धतीची, विजेवर चालणारी. चव गाळणीची हाय."

"नि चालू केल्यावर लगेच सुरात येतो?"

"थोडा वेळ लागतो. तापला की सरकतो जरा."

"म्हणजे माणूसच," मास्तर खूश होऊन म्हणाले.

डबा घरी आला त्या दिवशी मी तिथे होते. नारळ फुटला, हळदकुंकू झालं, वायर जोडली, लाल दिवा लागला, लेकीनं पट्टी दाबली, आणि आवाजच नाही. पुन्हा दाबली. नाही. मेहुणा, जो सकाळपासून तोंड पाडून बसला होता, तो एकदम ताजातवाना झाला. "मुका हाय! बोललो होतो मी! मुका जावई आणलाय!" मग लेकीनं सांगितलं की याला स्वतःचा स्पीकर नसतो, बाहेरून लावावा लागतो. नंतर कळलं, यात ठेका नाही. मग कळलं, एका वेळी एकच सूर वाजतो, दोन बोटं ठेवली तरी. आणि सगळ्यात शेवटी कळलं की स्वस्तातला असल्यानं याला आठवण नाही. खुंट्या फिरवून एक सुंदर आवाज बसवला आणि कुणाचा धक्का लागला की गेला. परत शोधा.

त्यावर मास्तरांनी तोडगा काढला. खुंटी जिथे थांबायला हवी तिथे ठिपका. नाचाच्या आवाजाला कुंकवाचा, संथ गाण्याला हळदीचा, भजनाला बुक्क्याचा. अख्खा डबा असा नटला की त्याच्यापुढे उदबत्ती तेवढी लावायची राहिली होती.

आता मास्तरांची दुसरी तऱ्हा सांगते. लेकीला कायमचं द्यायचं म्हणजे पारखून द्यायला पाहिजे, म्हणून त्यांनी डब्याची चौकशी सुरू केली. मुलगा बघायला जातात तशी. पार्टीच्या टेम्पोत लेक, डबा, मास्तर आणि मी. मी कशाला? तर मास्तरांचं म्हणणं होतं, "स्तुती करणारा मधेच ऐकायचं सोडतो. शिव्या देणारा शेवटपर्यंत ऐकतो. तुमी बरोबर असल्या की माणसाला शिव्या द्यायला धीर येतो." ही माझी स्तुती की शिवी, ते मी अजून ठरवलेलं नाही. तेव्हा मात्र मी गॉगल पुसून पुढच्या सीटवर जाऊन बसले.

शहापूरला एक ब्रासबँडवाला होता, जुना ट्रम्पेट वाजवणारा. त्यानं डबा उलटा केला, कडेनं बघितला, मागून बघितला. "फुंकायचं कुठून?"

"फुंकायचं नसतं, अण्णा."

"मंग दम कुणाचा लागतो?"

"विजेचा."

"हां!" त्यानं डबा परत केला. "म्हणजे लोडशेडिंगच्या भरवशावरचा जावई. नको देऊ पोरगी."

मास्तरांनी त्याला कडकडून मिठी मारली आणि दोन चहा पाजले.

सापगावचे भजनीबुवा माझ्याच गावचे, अगदी घरामागचे. त्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि विचारलं, "एका वेळी एकच सूर बोलतो?"

"हो बुवा."

"मंडळात घ्या याला. आमच्यात बाराजण एका वेळी बोलतात नि ऐकणारा कोण नाय."

स्तुती झाली म्हणून मास्तर नाराज. बुवांना चहा नाही.

धसईचा एक डीजेवाला पोरगा तर खुर्चीवरून उठलाही नाही. "मास्तर, हे सगळं मोबाईलमध्ये फुकट मिळतं."

"हात लावता येतो का त्याला?" लेकीनं विचारलं आणि गाळणीची खुंटी हळूहळू फिरवली. आवाज आधी घोंगडीखालून आल्यासारखा होता. तो एकेक पदर बाजूला करत बाहेर आला आणि उजेडात उभा राहिला. पोराच्या हातातली वडापावची पुडी खाली गेली. मग तो मोबाईलकडे बघायला लागला, लग्न ठरल्यावर जुन्या मैत्रिणीकडे बघावं तसा.

मेहुण्याचं मत वेगळंच होतं. सगळ्यांसमोर तो डब्याला नावं ठेवी. "मींड काढतो मेला, सुरावरून सुरावर घसरत जातो! मी बोटं घासून घासून जी काढतो ती हा खुंटी फिरवून काढतो." आणि घरात कुणी नाही असं बघून डब्याशी खेळत बसे. एकदा मी पाणी मागायला गेले तर डब्यातून म्हैस हंबरल्यासारखा आवाज काढून स्वतःच हसत होता. मला बघितल्यावर म्हणाला, "धूळ पुसत होतो."

म्हशाच्या जत्रेत डबा न्यायची कल्पना अर्थातच मास्तरांची. "माणूस मत देतो ते तोंड बघून. बैल कुणाचं तोंड बघत नाय." बैलबाजारात टेम्पो लावला, बॅटरीवर स्पीकर जोडला, आणि लेकीनं सगळ्यात खालचा सूर लावला. तो ऐकू येण्याआधी पायातून वर आला. समोर एक पांढरा खिलारी बैल विकायला उभा होता. गिऱ्हाईक त्याची चाल बघणार, एवढ्यात बैलानं एक मोठा सुस्कारा सोडला आणि मांडी घालून बसला. उठेना. मालक शेपूट पिरगाळतोय, गिऱ्हाईक म्हणतंय आजारी दिसतो, आणि बैल डोळे अर्धे मिटून ऐकतोय. अगदी मास्तरांसारखा.

मालक चाबूक घेऊन आमच्याकडे धावला. "तुमच्या डब्यानं बसवला, आता तुमच्या डब्यानंच उठवा!"

लेक घाबरली नाही. तिनं तीन खुंट्या एका झटक्यात फिरवल्या. असा टोकदार आवाज निघाला की बैल उठला, खुंट उपटला आणि खेळण्यांच्या दुकानांकडे निघाला. मागे मालक, त्याच्या मागे गिऱ्हाईक, "चाल चांगली हाय! चाल चांगली हाय!" असं ओरडत.

"बसवतो पण, उठवतो पण," मास्तर म्हणाले. "पास." आणि आम्ही टेम्पो काढला तो मुरबाड येईपर्यंत थांबवला नाही.

आता माझं मत. मास्तरांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, आणि मी त्यासाठी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले होते. विजेच्या सुरानं गळा बिघडतो असं कुणीतरी मला सांगितलं होतं, म्हणून दोन्ही कानांत कापूस. लेकीनं वाजवलं. मी मान हलवत राहिले आणि ती थांबल्यावर भाषण ठोकलं. सुरात जीव नाही, मातीचा वास नाही, पूर्वजांचा आशीर्वाद नाही. बरंच काही. छान रंगलं होतं. मास्तर शांतपणे म्हणाले, "बाई, आता कापूस काढा."

काढला. मग ते म्हणाले, एक ओळ म्हणा. धवला कुठल्याही वाजाबरोबर म्हणायचा नसतो, हा माझा नियम. पण चोरी पकडल्यावर नियम कुठला? मी म्हटली ओळ. लेकीनं सूर लावून खुंटी सरकवली, आणि डबा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी माझ्या सुराखाली येऊन बसला. पेटीला हे जमलंच नसतं. अंगावर काटा आला माझ्या. तो काटा अजून बसतोय न बसतोय तोच लेक म्हणाली, "काकी, तुमी सरकताय. सुरुवातीला काळी चार नि शेवटाला पांढरी पाच. मी डब्याला तुमच्यामागं खाली नेतेय."

"डबा खोटं बोलतो!" मी किंचाळले.

मास्तर टाळ्या वाजवत उठले. "आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं मत! बाईंना चहा! नाय, बाईंना जेवण!"

पण ज्या माणसांचं मत विचारायला हवं होतं त्यांचं राहूनच गेलं होतं. साखरपुड्याला मुलाची आत्या आली. घरात तिचा शब्द चाले. पाचवारी साडी, हातभर बांगड्या, आणि आवाज असा की मास्तरांनी सवयीनं डोळे मिटले आणि लगेच उघडले. आत्यानं डब्याकडे बोट केलं. "हे काय?"

"आंदण," मास्तर म्हणाले.

"आमच्यात सुना बाजा नाय वाजवत. आरशाचं कपाट द्या."

मुलगा आपल्या बुटांकडे बघत राहिला. मास्तरांनी डबा उचलून आत नेला. गाव म्हणायला लागलं, द्या की कपाट, एवढं काय त्यात. मी मागच्या दारी लेकीला गाठलं. ती रडत नव्हती. डब्याच्या वायरीची गुंडाळी करत होती.

"काकी, मुलगा चांगला हाय. मला आवडलाय. पण कपाटात मी काय ठेवू? मला जे ठेवायचंय ते कपाटात नाय मावत." आणि मग खाली बघून, "डबा नाय गेला, तर मी वाजवणं विसरंन. दोन वर्षांत विसरंन. मला म्हाईत हाय."

मी तिला धीर देण्यासारखं काहीतरी बोलले. काय बोलले कुणास ठाऊक, फार शहाणपणाचं असणार, म्हणून आठवत नाही.

हळदीचा दिवस आला तरी कपाट की डबा, ते ठरलेलं नव्हतं. मांडवात पार्टी बसलेली, पण कीबोर्डवाली स्वतःच नवरी, पाटावर. तेव्हा डबा मेहुण्याकडे. ठिपके होतेच, अडचण काहीच नव्हती. आणि तिथंच घात झाला. तेलाचा धवला संपवून मी वळले तर बायकांचा घोळका डब्याभोवती. हळदीकुंकवाचे ठिपके बघून त्यांना वाटलं, पूजेचं आहे. मग आमच्या बायका पूजेत कमी करतात होय? पाची सवाष्णींनी पाची बोटांनी हळद माखली. एकीनं वरून कुंकू शिंपडलं. एक म्हातारी पट्ट्यांच्या फटीत अक्षता घालत होती. सगळे ठिपके गेले. डबा पिवळाधमक, नवरीपेक्षा जास्त.

त्याच वेळी वाजतगाजत उष्टी हळद घेऊन वराकडच्या बायका आल्या, पुढे आत्या. मेहुण्यानं घाबरून जी हाताला लागली ती खुंटी फिरवली. डब्यातून मोठा ट्रक मागे घेताना होतो तसा आवाज निघाला. मांडव हसून लोळला.

"हे आंदण?" आत्या म्हणाली. "ऐका गो, ऐका! हे आंदण!"

मास्तरांनी डोळे मिटले नाहीत. ते लेकीकडे बघत होते. लेक पाटावर अशी ताणून बसली होती की आता उठेल की मग उठेल. पण हळद चालू असताना नवरी उठली तर अपशकुन. आत्याला तेवढंच हवं होतं.

मी काही ठरवलं नव्हतं. खरंच सांगते. गळा आपला आपण सुरू झाला:

पयली गो हळद देवीच्या पायाला,
दुसरी गो हळद मांडवाच्या मेढीला,
तिसरी गो हळद बापाच्या वाजाला,
ऊठ गो नवरी, हात लाव त्याला!

असला धवला कुणी कधी ऐकला नव्हता, कारण तो जन्मून एक मिनिट झालं होतं. मी कमरेवर हात ठेवून बायकांकडे बघितलं. आणि मला एक गोष्ट पक्की माहीत होती. आमच्याकडे हळदीला जमलेली बाई मरेल, पण "मला ही रीत ठाऊक नाय" असं म्हणणार नाही.

"हाय हाय, तिसरी हळद वाजाची," अक्षता घालणारी म्हातारी पहिल्यांदा बोलली. "आमच्या सासूबाई करीत."

"आता लोक विसरले गो," दुसरी म्हणाली.

लेक उठली. पिवळ्या हातांनी डब्याशी बसली. ठिपका एकही नव्हता, म्हणून तिनं कानानं शोधलं. ट्रकचा आवाज तिनं हळूहळू खाली आणला, गाळला, मऊ केला, आणि माझ्या पुढच्या ओळीखाली असा अंथरला की मी तिसरा धवला, चौथा धवला, जो सुचेल तो म्हणत सुटले. घसरले असेन. ती माझ्याबरोबर घसरली, कुणाला कळलं नाही. मग मेहुण्याला राहवेना, त्यानं बेंजो ओढला, ढोलकी आली, आणि मांडवातलं जे जे हलू शकत होतं ते नाचायला लागलं. वराकडच्या बायकासुद्धा. आत्याचा एक पाय नाचत होता. दुसऱ्यानं ती उभी होती.

गाणं थांबल्यावर मी तिला खोडसाळपणे विचारलं, "काय आत्याबाई, तुमच्याकडं नसेल ही रीत. तुमी शहराकडची माणसं."

झालं! आत्या फणकारली. "नाय कशी? आमच्यात तर याच्यापेक्षा मोठी हाय! आमच्यात हळद लागलेला वाजा नवरीबरोबर सासरी जातो. पाठराखणीसारखा!"

"असं?" मी म्हटलं. "सगळ्यांनी ऐकलं ना गो?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. आत्यानं चहूकडे बघितलं. मांडवभर माणसं. शब्द परत घ्यावा तर आपल्या गावची रीत खोटी पडते. तिनं पदर खोचला आणि मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "आणि टेम्पोत मागं नाय हां ठेवायचा. पुढं, नवरीच्या मांडीवर!"

त्या मुलीचं आता बरं चाललं आहे. तिची स्वतःची पार्टी आहे. कार्यक्रमांची सुपारी ठरवायला आत्या जाते, आणि आत्यापुढे कुणाचं काही चालत नाही म्हणतात. मास्तरांनी पार्टी मेहुण्याच्या हवाली केली आहे आणि ते नुसतेच लग्नं ऐकत फिरतात.

परवाच्या लग्नसराईत आम्ही दोघं एका हळदीला शेजारी बसलो होतो. धवलारीण कुणी नवी पोर होती, पार्टी नव्हतीच, डीजे होता. तिसरी हळद आली, आणि नवरीला पाटावरून उठवून डीजेच्या पेटीला हात लावायला नेलं. डीजेवाला आपल्या यंत्रावर आडवा पडून "नको, नको, शॉर्ट होईल!" म्हणून विनवत होता. शेजारी बसलेल्या म्हातारीला मी विचारलं, "हे काय करतात हो?"

तिनं कीव आल्यासारखं बघितलं माझ्याकडे. "वाजाची हळद. तुमाला म्हाईत नाय? लय जुनी रीत."

"किती जुनी?" मी विचारलं.

मी हसू दाबत होते, पण मास्तरांचा चेहरा एकदम गंभीर. ते पुढे वाकून म्हातारीला म्हणाले, "आमच्या आजोबांच्या लग्नात पण होती. मी ऐकलीय."

म्हातारीनं डोळे बारीक केले. "तुमच्या आजोबांच्या लग्नात तुमी कसे काय होते?"

"वाजवायला," मास्तर म्हणाले.